डाबोळीचं फोल्डर: बीएमपी ते केटीएक्स२

२००५च्या सुमाराला फ्लाइट सिम्युलेटर २००४ या संगणकावर विमान उडवायच्या खेळासाठी घरी बनवलेली, गोव्याच्या डाबोळी विमानतळाची सीनरी आजच्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (२०२० आणि २०२४च्या आवृत्त्यांत) न्यायची आहे. थ्रीडी मॉडेल नव्याने करायची तयारी आहे. पण भिंती, छपरं, झाडं, डांबर यांची मूळ चित्रं कुणाकडेच उरलेली नाहीत. उरली आहेत ती सिम्युलेटरसाठी तयार केलेली टेक्सचर्स, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चित्रं, आणि तीही दोन पिढ्यांची, एकमेकांत मिसळलेली. प्रकरण एवढंच. पण ते सोडवताना टेक्सचर फाइलींचा जवळजवळ सगळा इतिहास उलगडावा लागला, म्हणून सविस्तर लिहितोय.

सीनरी बनवणारे फोंड्याचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन. आमच्या सिमवाल्या मंडळींत त्यांना सगळे काकाच म्हणतात. ती पुढे न्यायची जबाबदारी अंगावर घेतली म्हापशाच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने. त्याने पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, फोटोशॉपच्या फायली कुठे आहेत?"

"सीडीवर होत्या रे. दोन पावसाळ्यांत बुरशी धरली, एकही वाचत नाही. पण तुला काय करायच्यात त्या? बीएमपी सगळ्या आहेत की. मूळच आहेत त्या."

सगळा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे. गोव्याच्या दमट हवेत सीडीला बुरशी येते यात नवल नाही. पण सीडी खराब झाल्यावरही काका निश्चिंत राहिले, कारण फोल्डरमधल्या प्रत्येक फायलीच्या शेपटीला बीएमपी होतं. बीएमपी म्हणजे न दाबलेलं, जसंच्या तसं चित्र, असं कुणालाही वाटेल.

विद्यार्थ्याने त्यातली एक फाइल विंडोजच्या साध्या व्ह्यूअरमध्ये टाकली. उघडली नाही. दुसरी टाकली, तीही नाही. डीएक्सटीबीएमपी हे जुनं टूल शोधून त्यात टाकल्यावर चित्र दिसलं आणि खाली प्रकार दिसला: डीएक्सटी१. नाव बीएमपी, आत वेगळाच माल.

हे असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. फ्लाइट सिम्युलेटर ९८ (१९९७) मध्ये जमिनीची टेक्सचर्स आर८ नावाच्या फायलींत असत. २५६ बाय २५६ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला एक बाइट, बरोबर ६५,५३६ बाइट. हेडर नाही, रंगांची यादी नाही. रंग सिम्युलेटरच्या ठरलेल्या २५६ रंगांच्या पॅलेटमधून यायचे. मातीचा रंग तुम्ही निवडायचा नाही, पॅलेटमध्ये असेल तो घ्यायचा. जांभ्याचा तांबडा रंग तिथे कसा दिसत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

मग ग्राफिक्स कार्डं घरोघरी आली आणि अडचण बदलली. रंग हवे तेवढे मिळू लागले, पण कार्डाची मेमरी तुटपुंजी. १०२४ बाय १०२४ चं ३२ बिटांचं एक चित्र ४ एमबी खातं. १९९९-२०००च्या सुमाराला १६ किंवा ३२ एमबीचं कार्ड असलं की माणूस मित्रांना बोलावून दाखवायचा. अशी चार-पाच चित्रं चढवली की कार्डाचा मोठा वाटा संपला. जेपेग इथे कामाचं नाही. जेपेग डिस्कवर लहान असतं, पण कार्डाकडे पाठवण्याआधी पूर्ण उलगडावं लागतं, म्हणजे कार्डात पुन्हा तेच ४ एमबी.

यावर एस३ कंपनीने काढलेली युक्ती डायरेक्टएक्स ६मध्ये १९९८ साली आली. तिलाच पुढे डीएक्सटी म्हणू लागले. हे चित्र कार्डाच्या मेमरीतही दाबलेलंच राहतं. पडद्यावर जो पिक्सेल लागेल त्याच्याभोवतीचा छोटा तुकडा कार्ड त्या क्षणी उलगडतं. आपलं १०२४चं चित्र डीएक्सटी१मध्ये ५१२ केबीत बसतं. पारदर्शकतेची जास्त माहिती हवी तर डीएक्सटी३ किंवा डीएक्सटी५, तिथे १ एमबी. फ्लाइट सिम्युलेटरने २०००च्या आवृत्तीपासून हे हळूहळू उचललं, पण शेपटी बीएमपीचीच ठेवली. सिम्युलेटर आत डोकावून काय ते ओळखायचा. सोय सिम्युलेटरची झाली, पण फाइल सांभाळणाऱ्या माणसाची पुढे वीस वर्षं दिशाभूल होत राहिली. त्या निर्णयाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

आता नुकसान किती झालं होतं ते बघू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरले.

डीएक्सटी१ चित्राचे ४ बाय ४ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनाला ८ बाइट. त्यात दोन रंग साठवले जातात, प्रत्येकी १६ बिटांत: लाल ५, हिरवा ६, निळा ५. या दोन रंगांच्या मधले आणखी दोन रंग कार्ड स्वतः काढतं. एकूण चार रंग, आणि सोळाही पिक्सेलना या चारांतूनच एकेक घ्यायचा. वर्गातल्या प्रत्येक पोराला चारच रंगपेन्सिली दिल्या आणि त्यातल्या मधल्या दोन पहिल्या दोघींच्या भेसळीच्या असल्या, तर जे चित्र निघेल ते.

एका रंगाच्या भिंतीला हे चालून जातं. पण काकांच्या फोल्डरात चिखलीच्या बाजूची घरं होती: मंगळुरी कौलांचं छप्पर, त्याला लागून पांढरी भिंत आणि वर झुकलेला माड. त्या कडेवरचा एक चौकोन आम्ही मोठा करून पाहिला. सोळा पिक्सेलांत कौलाचा लाल, झावळीचा हिरवा आणि चुन्याचा पांढरा असे तिघे होते. चौकोनाला टोकाचे दोनच रंग मिळतात. कॉम्प्रेसरने लाल आणि फिकट हिरवा धरला होता. त्यांच्या मधले दोन रंग निघाले चिखलासारखे तपकिरी. पांढरी भिंत तिथे नव्हतीच, तिच्या जागी आजारी पिवळट-हिरवी पट्टी. लाल आणि हिरवा हे जोडपं डीएक्सटी१साठी सगळ्यांत वाईट, आणि गोव्याचं गाव वरून बघितलं तर लाल-हिरव्याशिवाय दुसरं दिसतं काय?

डांबराची कथा वेगळी. राखाडी रंगात लाल, हिरवा, निळा सारखे हवेत. पण हिरव्याला ६ बिट आणि बाकीच्यांना ५, त्यामुळे हलक्या चढउताराच्या राखाडीत कुठे हिरवट तर कुठे जांभळट झाक येते. काकांच्या धावपट्टीवर ती होती. ते म्हणाले, "मी समजत होतो माझा मॉनिटर गेला."

दुसरी पिढी याहून फसवी निघाली. फ्लाइट सिम्युलेटर एक्स (एफएसएक्स) २००६ साली आला आणि डीडीएस ही फाइल रीतसर वापरू लागला. डीडीएस ही मायक्रोसॉफ्टचीच, डायरेक्टएक्सची स्वतःची फाइल. सुरुवातीला डी, डी, एस ही अक्षरं, मग हेडर, आणि हेडरातच लिहिलेलं की आत डीएक्सटी१ आहे की ५. नाव आणि माल एकदाचे जुळले. एफएसएक्स जुन्या बीएमपीही वाचत असे, तरी आमच्यातल्या कुणीतरी त्या काळात काकांची टेक्सचर्स डीडीएसमध्ये नेली होती. फोल्डरात त्या फायली १०२४च्या दिसत होत्या, बीएमपी मात्र ५१२च्या. साहजिकच विद्यार्थी खूश. मोठी चित्रं सापडली!

त्याने फाइलचा आकार बघितला: ६,९९,१९२ बाइट. हा आकडा या धंद्यातल्या लोकांना पाठ असतो. १०२४चं डीएक्सटी१, दूरून बघण्यासाठी ठेवलेल्या, लहान होत जाणाऱ्या सगळ्या प्रतींसकट (यांना मिपमॅप म्हणतात) आणि १२८ बाइटांच्या हेडरसकट, एवढंच भरतं. डीएक्सटी५ असतं तर १३,९८,२५६ भरलं असतं. म्हणजे फाइल निर्दोष होती. चित्र तसं नव्हतं. बीएमपी शेजारी ठेवून पाहिल्यावर उघड झालं की कुणीतरी ५१२चं चित्र ताणून १०२४ केलं आणि पुन्हा डीएक्सटी१मध्ये दाबलं. जुन्या चौकोनांची खडबडीत कड ताणली गेली आणि तिच्यावर नव्या चौकोनांची आणखी एक जाळी बसली. दुप्पट पिक्सेल, माहिती आधीपेक्षा कमी.

त्यात ती चित्रं उलटी होती, डोकं खाली. ही चूक नव्हे. बीएमपी ओळी खालून वर साठवतं, डीडीएस वरून खाली, आणि एफएसएक्सने मॉडेलची जुनी मोजणी न मोडता डीडीएस उभं उलटून मागितलं. त्या काळात विमानं रंगवणारे सगळे ती एक पायरी हाताने करायचे आणि विसरले की टर्मिनलचं छप्पर जमिनीवर आणि पायऱ्या आभाळात. खरं तर डीएक्सटीचे चौकोन न उलगडताही उभे उलटता येतात. चौकोनांचा क्रम बदलायचा आणि प्रत्येकातल्या ओळी बदलायच्या. गुणवत्ता तसूभर कमी होत नाही. पण बहुतेक टूल्स उलगडून, उलटून पुन्हा दाबतात.

पहिला निर्णय इथे झाला: डीडीएसचं फोल्डर बाजूला. दिसायला लहान, पण एकदाच दाबलेल्या बीएमपी हाच पाया धरायचा.

जमिनीचा प्रश्न लवकर मिटला, पण सांगायला हवा. फ्लाइट सिम्युलेटर २००४मध्ये हवाई फोटोंची जमीन एका पिक्सेलला ४.८ मीटर एवढीच बारीक. डाबोळीची धावपट्टी ३,४०० मीटरच्या वर. म्हणजे लांबीला सातशेच्या आसपास पिक्सेल आणि रुंदीला जेमतेम दहा. एफएसएक्समध्ये हे एका मीटरवर आणि त्याखालीही गेलं, आणि त्याच्या रीसॅम्पल टूलमध्ये महिन्यांनुसार वेगळी चित्रं देता येत. काकांना ही सोय फार आवडली होती. जून ते सप्टेंबर हिरवं, एप्रिल-मेला करपलेलं. सिम्युलेटरचे मूळ ऋतू थंड प्रदेशाचे, कडक हिवाळा धरून. त्यात पावसाळा बसवायला महिन्यांची ती ओळ उपयोगी पडली. २०२०च्या आवृत्तीत जमीन बिंगच्या हवाई चित्रांतून थेट उतरते, तेव्हा जुनी जमीन ठेवण्यात अर्थ नव्हता. गेली. काकांनी एकदा हळहळ व्यक्त केली, वाद घातला नाही.

वाद झाला तो माडांवरून. माडाच्या चित्रात झावळी सोडून बाकी सगळं पारदर्शक. डीएक्सटी१मध्ये पारदर्शकता असते ती आहे किंवा नाही, एवढीच. दूरून बघताना कार्ड लहान मिपमॅप प्रत उचलतं. झावळीच्या बारीक पात्या लहान करताना आजूबाजूच्या रिकाम्या पिक्सेलांत मिसळून 'नाही'च्या बाजूला जातात, आणि दोन किलोमीटरवरून माडाचं नुसतं खोड उभं राहतं. काकांनी त्या काळी पात्या मुद्दाम जाड काढून यावर मात केली होती. आजच्या पडद्यावर ते माड जवळून केळीसारखे दिसतात. विद्यार्थ्याने सिम्युलेटरची स्वतःची झाडं वापरली. काकांचं म्हणणं, त्यातला एकही माड कोकणातला वाटत नाही. माझंही तेच मत आहे, पण फ्रेम रेट मोजणारा तो आहे, आम्ही नाही.

आल्फाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण इथे पुष्कळ लोक अडकतात. टेक्सचर फाइल लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीच्या चौथ्या, आल्फा चॅनलमध्ये फक्त आकडे ठेवते, त्याचा अर्थ ठेवत नाही. झाडाच्या चित्रात तो पारदर्शकता, २००४च्या विमानाच्या चित्रात तोच चकाकी: पांढरं म्हणजे मंद, काळं म्हणजे आरसा. विमानाचं टेक्सचर चुकून साध्या २४ बिटांत जतन केलं की आल्फा उडतो आणि पत्रा भलताच दिसू लागतो. दोष सगळे फॉरमॅटला देतात.

नव्या सिम्युलेटरमध्ये हे अर्थ वेगवेगळ्या चित्रांत वाटले गेलेत. एक निव्वळ रंगाचं, एक खाचखळग्यांचं, आणि एका तिसऱ्या चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलमध्ये अनुक्रमे कोपऱ्यांतला अंधार, खरखरीतपणा आणि धातूपणा. रंगाच्या चित्रात ऊन नको, सावली नको, कारण ते सिम्युलेटर स्वतः पाडतो. काकांच्या भिंतींत दुपारचं ऊन आणि पागोळीची सावली फोटोतूनच आलेली, काही ठिकाणी त्यांनी ती हाताने गडदही केलेली. २००५ला हेच कौशल्य होतं. विद्यार्थ्याने सावल्या काढायला घेतल्या आणि त्या झपाट्यात भिंतीवरचे काळे ओघळही पुसले.

"अरे, ती सावली नव्हे. ती शेवाळ आहे. चार महिने पाऊस खाल्लेली भिंत आहे ती!"

ओघळ परत आले. खरखरीतपणाच्या चॅनलमध्ये त्यांना वेगळी किंमत दिली, म्हणजे ओल्या जागी भिंत जरा चकाकते. मला या सगळ्या कामात सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच.

रात्रीची चित्रंही अशीच सुधारावी लागली. जुनी पद्धत: फायलीच्या नावाला _एलएम जोडून काळोखी भिंत आणि पिवळ्या खिडक्या असं अख्खं दुसरं चित्र द्यायचं. आता फक्त उजेड द्यायचा, बाकी काळं. खिडक्या कापून घेतल्या, भिंत टाकून दिली.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरचे लोक आमच्यातही आहेत. त्यांच्याकडे वाट तीच, वळणं वेगळी: आधी बीएमपी, मग पीएनजी, मग डीडीएस, आणि त्यासाठी एक्स-प्लेन बनवणाऱ्या लॅमिनार रिसर्चचं स्वतःचं डीडीएसटूल. फ्लाइटगिअर या खुल्या सिम्युलेटरचा जन्म सिलिकॉन ग्राफिक्सच्या आरजीबी फायलींत, पुढे पीएनजी आणि डीडीएस. लिनक्सवर मात्र एस३च्या पेटंटमुळे खुल्या ड्रायव्हरांत डीएक्सटी बरीच वर्षं सरळ मिळत नसे. ऑक्टोबर २०१७मध्ये पेटंट संपलं आणि ती कटकट गेली.

त्याच वर्षी आणखी एक कोंडी फुटली. एफएसएक्स ३२ बिटांचा, त्यामुळे कितीही रॅम घाला, ४ जीबीच्या पुढचा पत्ताच त्याला कळत नसे. कॉन्फिग फायलीत टेक्सचरची मर्यादा १०२४वरून ४०९६ करायची आणि तासाभराने मेमरी संपल्याची पाटी बघायची, हा अनुभव आमच्यातल्या प्रत्येकाला आहे. ४०९६चं एक चित्र डीएक्सटी५मध्येही १६ एमबी, मिपमॅप धरून २१च्या वर. लॉकहीड मार्टिनचा प्रीपार३डी हा सिम्युलेटर चौथ्या आवृत्तीत, २०१७ला, ६४ बिटांचा झाला आणि मोठी टेक्सचर्स निर्धास्त वापरता येऊ लागली.

आता मुख्य मुद्दा. २०२०च्या सिम्युलेटरला तुम्ही डीडीएस हाताने बनवून द्यायची गरज नाही. पीएनजी स्रोत म्हणून ठेवायचा, पॅकेज बांधणारं टूल त्यातून डीडीएस आणि सोबत माहितीची जेसन फाइल तयार करतं. २०२४च्या आवृत्तीत त्याच स्रोतातून केटीएक्स२ ही फाइल निघते, ग्राफिक्सची खुली मानकं ठरवणाऱ्या क्रोनोस गटाची. म्हणजे शेवटची फाइल कोणती, याची चिंता सीनरीकाराने सोडून द्यावी अशी व्यवस्था झाली आहे, आणि स्रोत चांगला असण्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर आली आहे. काकांच्या पिढीत शेवटची फाइल लेखक स्वतः घडवायचा, तिच्यावर जीव टाकायचा आणि तीच जपायचा. नेमकी तीच आज सगळ्यांत कमी उपयोगाची.

एका जागी मात्र तीच एकमेव पुरावा आहे. डाबोळीला २०१३ साली नवी टर्मिनल इमारत आली. काकांच्या सीनरीत त्याआधीचा दर्शनी भाग आहे. डाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसाच्या तळावर, फोटोंवर निर्बंध, त्यामुळे त्यांनी तेव्हाही प्रवाशांच्या बाजूचीच मोजकी चित्रं वापरली होती. नौदलाचे हँगर मुद्दाम मोघम ठेवलेले, ते आताही तसेच ठेवले. जुन्या दर्शनी भागाचं ५१२चं टेक्सचर विद्यार्थ्याने एआय अपस्केलरमधून, म्हणजे अंदाजाने बारकावे भरून चित्र मोठं करणाऱ्या टूलमधून काढलं. भिंत सुरेख आली, पण फलकावर अक्षरांसारखं काहीतरी उमटलं जे कोणत्याच लिपीत वाचता येत नव्हतं. काकांनी ते चित्र वापरायला साफ नकार दिला. मी काकांच्या बाजूने आहे. कौलं अंदाजाने चालतील, फलक नाही.

तोडगा म्हणून ओळखीच्या घरांतून अल्बम मागवले. आखातात जाणाऱ्या माणसाला सोडायला अख्खं घर विमानतळावर जायचं आणि बाहेर उभं राहून फोटो काढायचं, तो काळ फार जुना नाही. एका फोटोत फलकाचा डावा अर्धा भाग नीट आला आहे. उजव्या अर्ध्यापुढे कुणाचे तरी मामा उभे आहेत. दुसरा फोटो मिळेपर्यंत तिथे जुनंच ५१२चं चित्र लावून २०२०चं पॅकेज बांधलं आहे. २०२४चं त्यानंतर बांधायचं ठरलंय, आणि पीएनजीची एक प्रत फोंड्याला, एक म्हापशाला, दोन्ही हार्ड डिस्कवर.